डिस्क उघडली नाही म्हणजे ती कोरी नव्हे



पूर्वी घरातल्या लग्नमुंजीचे फोटो अल्बममध्ये असत आणि अल्बम कपाटात असे. कुणीही कपाट उघडावे, अल्बम काढावा, पाने उलटावीत. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, मग सीडी आली. हल्ली हे सारे एका तळहाताएवढ्या काळ्या डबीत येऊन बसले आहे. तिला बाहेरची हार्ड डिस्क म्हणतात. लग्नाचे शूटिंग, गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तने, २०१५ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात काढलेले फोटो, पाणीवापर संस्थेचे हिशेब आणि कित्येक घरांत आता हयात नसलेल्या आईवडिलांचा चेहरा व आवाजसुद्धा याच डबीत आहे.

सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर एक अडचणही आली. नाशिकच्या स्टुडिओत चालणारी डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. घरी चालणारी टीव्हीला चालत नाही. टीव्हीला चालणारी मुलाच्या लॅपटॉपवर नुसती बघता येते, तिच्यात नवे काही ठेवता येत नाही. अशा वेळी माणूस गोंधळतो आणि पडद्यावर जो पहिला प्रश्न येईल त्याला 'हो' म्हणून मोकळा होतो. आमच्या संगणक विभागाकडे सभासद ज्या डिस्क घेऊन येतात, त्यांत मूळची चांगली असून असा 'हो' दाबल्यामुळे रिकामी झालेली डिस्क पाहिली की फार वाईट वाटते. म्हणून या अंकात आम्ही ही डबी का चालत नाही, ते कसे ओळखावे आणि कोणते बटण मुळीच दाबू नये, याची माहिती देत आहोत.

आधी विहिरीवरची मोटार आठवा

मोटार चालू होत नाही म्हणून कुणी लगेच ती विहिरीतून वर काढत नाही. आधी डीपीवर फ्यूज आहे का, तिन्ही फेज आहेत का, स्टार्टर उचलतो का, केबल कुठे कापली गेली का, हे आपण क्रमाने बघतो. ज्याला खर्च नाही व ज्याने काही बिघडत नाही ते आधी, आणि ज्यात खोलाखोल आहे ते शेवटी. डिस्कच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. आधी वीज, मग केबल, मग कॉम्प्युटरला ती दिसते का, मग ती कोणत्या पद्धतीने लिहिलेली आहे. हा क्रम सोडून एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेतली की नुकसान ठरलेले.

१) वीज पुरते का?

या डबीत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात. लहान डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. आपल्या कारखान्यातील साखर सुटी करणारे सेंट्रीफ्युगल मशीन ज्यांनी पाहिले आहे त्यांना कल्पना येईल. त्याहूनही ही तबकडी कितीतरी पट वेगाने फिरते. जागेवरून फिरायला लागताना तिला जास्त वीज लागते, जशी मोटारीला सुरू होताना लागते.

लहान डिस्कला वेगळी वायर नसते. ती कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेतूनच वीज घेते. जुन्या, म्हणजे यूएसबी २ च्या खाचेतून ५०० मिलीअँपिअर वीज मिळण्याचा नियम आहे. यूएसबी ३ च्या खाचेतून ९००. जुन्या कॉम्प्युटरची खाच कमजोर असेल, मध्ये लांब एक्स्टेन्शन वायर असेल किंवा एकाच हबवर चार वस्तू लावल्या असतील, तर तबकडी नीट फिरत नाही. डबीचा दिवा लागतो, आतून टिकटिक होते, पण पडद्यावर काही येत नाही. हीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर मुकाट्याने चालते, आणि मग लोक म्हणतात, "आमच्याच कॉम्प्युटरशी हिचे वाकडे आहे!"

उपाय सोपा आहे. हब काढून टाकावा. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढच्या खाचेऐवजी मागच्या खाचेत डिस्क लावावी. आतून निळी दिसणारी खाच असेल तर ती बहुधा यूएसबी ३ ची असते, ती वापरावी. मोठ्या आकाराच्या डिस्कला स्वतःचा अॅडॉप्टर असतो. तो मूळचाच वापरावा. पिन बसते म्हणून दुसऱ्याच वस्तूचा अॅडॉप्टर लावू नये, डिस्कमधील विजेची पाटी जळते.

२) केबल तपासावी

जुन्या डिस्कची केबल डबीच्या बाजूने रुंद व चपट्या तोंडाची असते. हे तोंड नाजूक असून पुनःपुन्हा काढघाल केल्याने सैल होते. नव्या डिस्कला मोबाईलसारखी टाइप-सी केबल असते. तिथे वेगळाच घोटाळा होतो: मोबाईल चार्जिंगच्या काही केबल फक्त वीज नेतात, माहिती नेत नाहीत. दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला डिस्कचा पत्ताच नसतो. म्हणून डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कलाच बांधून ठेवावी आणि संशय आला की दुसरी चांगली केबल लावून बघावी. निम्मी भांडणे इथेच मिटतात.

३) कॉम्प्युटरला डिस्क दिसते का?

वीज आणि केबल ठीक असूनही 'माय कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी' मध्ये डिस्क दिसली नाही, तरी ती कॉम्प्युटरला मुळीच दिसत नाही असे समजू नये. विंडोजमध्ये डाव्या कोपऱ्यातील किंवा पट्टीवरील विंडोजच्या खुणेवर माउसचे उजवे बटण दाबावे. येणाऱ्या यादीत 'डिस्क मॅनेजमेंट' असे नाव असते, ते उघडावे. इथे फक्त बघायचे आहे, काही करायचे नाही. साधारण चार प्रकार दिसतात.

(अ) डिस्कचे नावच यादीत नाही. मग वीज, केबल किंवा डिस्कचे यंत्र यांतच दोष आहे. पुन्हा पहिल्या दोन पायऱ्यांवर यावे व दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहावे.

(आ) डिस्क आहे, आकार बरोबर आहे, 'एनटीएफएस' असे लिहिलेही आहे, पण तिला एफ, जी असे अक्षर मिळालेले नाही. 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून एक मोकळे अक्षर दिले की ती उघडते. यात आतल्या मालाला धक्का लागत नाही.

(इ) डिस्क आहे, आकारही बरोबर आहे, पण पद्धतीचे नाव नाही किंवा 'रॉ' असे लिहिले आहे. याचा अर्थ ती दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली आहे किंवा तिच्या नोंदवहीचे पान खराब झाले आहे. इथेच खरे सांभाळायचे असते.

(ई) कॉम्प्युटर 'इनिशिअलाइझ' करू का असे विचारतो. इथे 'कॅन्सल' करावे. नव्या कोऱ्या डिस्कसाठी हा प्रश्न योग्य आहे, माल भरलेल्या डिस्कसाठी मुळीच नाही. फार जुन्या, विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क सहसा उघडत नाही, कारण तिची आखणी नव्या पद्धतीची असते. तिथे दोष कॉम्प्युटरच्या वयाचा आहे. एक्सपीला कंपनीचा आधार २०१४ सालीच बंद झाला.

४) मोडी आणि बाळबोध

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोडी लिपीतले कागद आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर असे लक्षावधी कागद जपलेले आहेत. भाषा मराठीच, पण मोडी येत नसेल तर एक ओळ लागत नाही. म्हणून कुणी "हा कागद कोरा आहे" म्हणून त्याच्यावर शाई फिरवतो का? आपण मोडी जाणणारा माणूस शोधतो.

डिस्कचेही तसेच आहे. कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंदवही प्रत्येक डिस्कमध्ये असते, आणि ती लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. ज्या कंपनीचा कॉम्प्युटर, तिची पद्धत. मुख्य पद्धती अशा:

फॅट-३२ ही १९९६ ची जुनी पद्धत. विंडोज, मॅक, लिनक्स आणि टीव्ही अशा जवळजवळ सर्वांना ती वाचता येते. पण तिच्यात ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही.

एनटीएफएस ही विंडोजची पद्धत, १९९३ पासूनची. मॅक तिच्यातील माल वाचतो, पण तिच्यात लिहीत नाही. लिनक्सला दोन्ही जमते.

एचएफएस प्लस (१९९८) आणि एपीएफएस (२०१७) या मॅकच्या पद्धती. विंडोजला या स्वतःहून वाचता येत नाहीत. टीव्हीलाही बहुधा नाही.

ईएक्सटी-४ (२००८) ही लिनक्सची. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने केलेली 'बॉस' ही लिनक्सचीच भारतीय आवृत्ती आहे. ही पद्धत विंडोज व मॅक स्वतःहून वाचत नाहीत.

एक्सफॅट (२००६) ही सर्वांच्या सोयीची. विंडोज आणि मॅक दोघेही तिच्यात वाचतात व लिहितात. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे नियम खुले केले, तेव्हापासून लिनक्समध्येही तिची सोय आली. मोठ्या फाइलींनाही अडचण नाही.

एक उदाहरण घेऊ. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत मॅक आहे. त्यांनी नवी डिस्क मॅकच्या पद्धतीने तयार केली, शूटिंग भरले आणि दिली. निफाड तालुक्यातील घरी सूनबाईंनी ती विंडोजच्या लॅपटॉपला लावली. विंडोजला ती लिपी येत नाही. कधी तो गप्प बसतो, तर कधी पडद्यावर इंग्रजीत पाटी येते: "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क बिफोर यू कॅन यूज इट." म्हणजे, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणे असतात, 'फॉरमॅट डिस्क' आणि 'कॅन्सल'. पाटी अशा थाटात येते की जणू दुसरा मार्गच नाही. वास्तविक कॉम्प्युटर एवढेच सांगत असतो की "मला हे वाचता येत नाही." अशा वेळी डोळे मिटून 'कॅन्सल' दाबावे, डिस्क काढावी आणि ती कुठे भरली होती ते विचारावे. मॅकवर भरली असेल तर मॅकवरच लावून माल एक्सफॅटच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. कुठलेही सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज पडत नाही.

उलट प्रकारही होतो. विंडोजवर भरलेली डिस्क पुण्याच्या मुलाने मॅकला लावली. फोटो दिसतात, पण नवा फोटो ठेवता येत नाही. डिस्क 'लॉक' झालेली नाही, मॅक एनटीएफएसमध्ये लिहीत नाही एवढेच. विंडोजचा कॉम्प्युटर बंद करताना डिस्क जोडलेलीच राहिली आणि नंतर ओढून काढली, तर लिनक्स ती उघडायला कधीकधी नकार देतो. तेव्हा तिला पुन्हा त्याच विंडोजला लावावे आणि 'सेफली रिमूव्ह' करून रीतसर काढावे.

डिस्कने पासवर्ड किंवा ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागितली, तर तिला कुलूप आहे. विंडोजच्या या कुलपाचे नाव बिटलॉकर. किल्ली ज्याने कुलूप लावले त्याच्याकडेच मिळणार.

५) 'फॉरमॅट' म्हणजे नेमके काय होते?

समजा तलाठी दप्तरातून तुमच्या गटाचा सातबारा नाहीसा झाला. जमीन जागेवरच आहे, बांधही आहेत, पण कागदोपत्री ती कुणाचीच नाही. उद्या तिथे दुसऱ्याच्या नावाने नोंद होऊ शकते. झटपट फॉरमॅट, म्हणजे 'क्विक फॉरमॅट', केल्यावर असेच होते. फक्त नोंदवही नवी कोरी होते. तबकडीवरचा माल तसाच असतो, पण नवीन काही भरले की ते त्याच जागेवर जाऊन बसते.

म्हणून चुकून झटपट फॉरमॅट झालेच, तर त्या क्षणापासून डिस्कवर एकही फाइल ठेवू नये. ती काढून जाणकाराकडे द्यावी. अशा डिस्कमधून पुष्कळदा माल परत मिळतो. मात्र विंडोजमध्ये 'क्विक' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर सगळीकडे नांगर फिरतो. मग काही हाती लागत नाही. तबकडी नसलेल्या, एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये झटपट फॉरमॅटनंतरही आशा कमीच असते.

६) डिस्क उघडते, पण माल दिसत नाही

फोल्डरांच्या जागी शॉर्टकट: सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात डिस्क लावून आणली की कधी सगळ्या फोल्डरांवर बाणाची खूण दिसते. हा व्हायरसचा खेळ आहे. मूळ फोल्डर बहुधा तिथेच लपवलेले असतात. डिस्क किती भरली आहे ते बघावे. आकडा पूर्वीइतकाच असेल तर माल शाबूत आहे. शॉर्टकटवर क्लिक करू नये. आधी अँटिव्हायरस चालवावा, मग 'हिडन फाइल्स' दाखवण्याची सोय सुरू करावी.

मराठी अक्षरांचा काला: सोसायटीचे जुने ठराव उघडले तर सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल खराब झालेली नसते. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतींत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मागची इंग्रजी अक्षरेच दिसतात. ती 'दुरुस्त' करून जतन करू नयेत. फॉन्ट असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर पीडीएफ काढून घ्यावी किंवा फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही आजच्या कॉम्प्युटरवर वाचता येते.

चित्र दिसत नाही, नुसता आवाज येतो: फाइल ज्या प्रकारे दाबून लहान केली आहे तो प्रकार टीव्हीला माहीत नाही. व्हीएलसी हा मोफत प्रोग्राम कॉम्प्युटरवर घेऊन त्यात ती लावून पाहावी. तिथे चालली तर शूटिंग ठीक आहे असे समजावे.

जागा असून फाइल जात नाही: डिस्कवर शंभर गिगाबाइट मोकळे आहेत, तरी लग्नाची फिल्म 'फाइल टू लार्ज' म्हणून परत येते. वर सांगितलेली फॅट-३२ ची ४ गिगाबाइटची मर्यादा ती हीच.

७) आवाज येत असेल तर हात आवरावा

वीज आणि केबल बदलूनही डबीतून टकटक, खरखर असा आवाज येत असेल, किंवा ती पडलेली असेल, तर मात्र यंत्रातच बिघाड आहे. तबकडीवर वाचणारी सुई तिला न टेकता, केसाच्या जाडीच्याही हजारो पट कमी अंतरावर तरंगत असते. धुळीचा एक कण तिथे दगडासारखा आहे. म्हणून झाकण उघडणे, थापटणे, फ्रीजमध्ये ठेवणे असले ऐकीव उपाय करू नयेत. डिस्क ताबडतोब बंद करावी. अशा डिस्कवर 'चेक डिस्क' सुद्धा चालवू नये. त्याने ती आणखी दमते. ती चालू होत असेल तर महत्त्वाचा माल आधी उतरवून घ्यावा, नाहीतर माल परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

८) एक प्रत म्हणजे प्रतच नाही

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे नाशिकमध्येच राहून त्यांनी अनेक चित्रपट काढले आणि १९४४ साली नाशिकलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या एवढ्या कामातले आज फार थोडे तुकडे शिल्लक आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यातही अनेक चित्रपटांच्या मूळ फिल्म जळाल्या. सरकारच्या संग्रहालयाची ही गोष्ट, मग आपल्या कपाटातल्या एका डबीचे काय?

म्हणून ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत त्यांच्या दोन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. दिवाळी आणि अक्षय्य तृतीया अशी वर्षातून दोनदा दोन्ही डिस्क लावून, उघडून बघाव्यात.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. आधी वीज, मग केबल, मग दुसरा कॉम्प्युटर.
२. 'फॉरमॅट' किंवा 'इनिशिअलाइझ' विचारले की 'कॅन्सल'.
३. डिस्क जिथे भरली त्या कॉम्प्युटरवर ती आधी लावून बघावी.
४. नवी डिस्क निरनिराळ्या कॉम्प्युटरवर फिरणार असेल तर रिकामी असतानाच एक्सफॅट करून घ्यावी. फक्त विंडोजवर राहणार असेल तर एनटीएफएस चांगली.
५. डिस्क नेहमी 'इजेक्ट' करूनच काढावी. एक्सफॅटला हे पथ्य जास्तच पाळावे लागते, आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून काम झाले की जोडून ठेवू नये.
६. स्टुडिओकडून डिस्क घेताना "ही विंडोजवर चालेल ना?" असे विचारून, शक्य तर तिथेच लावून बघून मग पैसे द्यावेत.
७. डबीवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: आत काय आहे, कोणत्या साली भरले, कोणत्या पद्धतीने भरले. दहा वर्षांनी ही डबी ज्याच्या हाती लागेल त्याला आपल्याला फोन करून विचारता येईलच असे नाही. त्या वेळी ही पट्टीच उपयोगी पडेल.

— संगणक विभाग